धागा: हद्दीबाहेर जाणारा जोडरस्ता रुंद करायचाय, पैसा कुठल्या खात्यातून बसवायचा?

कळंबेकर
कोल्हापूरच्या कडेची पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सगळीकडं तेच चित्र. प्लॉट पडले, अपार्टमेंटं उभी राहिली, जोडरस्ता मात्र अजून बैलगाडीच्या मापाचा. एक नमुन्याचा रस्ता धरून बोलू. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा गल्लीच्या राजकारणात शिरते.

लांबी २.४ किमी. पहिले ६०० मीटर महापालिकेत, पुढचे १८०० मीटर दोन ग्रामपंचायतींत. डांबर ५.५ मीटर, तेही कडा खाल्लेलं. विकास आराखड्याच्या नकाशात १८ मीटर दाखवलाय. हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या, सकाळी शाळेच्या बसेस, संध्याकाळी एमआयडीसी सुटली की दुचाक्यांची रांग. दर निवडणुकीला नारळ फुटतो, दोनशे मीटर काँक्रीट पडतं आणि काम थांबतं.

कुणाकडं काय मागायचं, कुठल्या क्रमानं, आणि पैसा कुठून, एवढंच इथं बोलूया. हद्दवाढ पाहिजे की नको त्याचे धागे वेगळे हायेत, तिकडं भांडा.

सातबारा
पैशाचं नंतर. आधी सांगा, रस्ता कुणाचा?

जिल्ह्याच्या रस्ते विकास योजनेत प्रत्येक रस्त्याला दर्जा आणि क्रमांक असतो. रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. क्रमांक नसला की रस्ता योजनाबाह्य, आणि योजनाबाह्य रस्त्याचं अंदाजपत्रक टेबलावरून पुढं सरकत नाही. उपनगरातले निम्मे जोडरस्ते मुळात पाणंदी आहेत. गावानं मुरूम टाकला, कुणीतरी फंडातून डांबर टाकलं, वहिवाट पडली. कागदावर ती अजून पाणंदच.

म्हणून पहिलं काम जि.प. बांधकाम विभागाच्या उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक आणि साखळी (किमी ०/०० ते किती) लिहून आणायची. क्रमांक नसेल तर ग्रामसभेचा ठराव, पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषद, तिथं ठराव, मग शासनाकडं दर्जोन्नतीचा प्रस्ताव. दोन गावं असतील तर दोन्ही ग्रामसभांचे ठराव एकाच मजकुराचे पाहिजेत. एका ठरावात 'स्मशानभूमी ते शाळा' आणि दुसऱ्यात 'शाळा ते हद्द' असं लिहिलं की कार्यालयात ते दोन वेगळे रस्ते होतात.

दुसरं, जमीन. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा. दुहेरी तुटक रेघ असेल तर गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. आज डांबर ५.५ मीटर म्हणजे अठरा फूट आहे. म्हणजे पायमार्गावर डांबर पडलं असेल तर निम्म्याहून जास्त रस्ता आत्ताच खासगी गटात आहे, रुंदीकरण तर लांबच राहिलं.

पुईखडी
पण नकाशात १८ मीटर दाखवलाय म्हणतोय की तो. मग जागा आरक्षितच की.

सातबारा
नाही भावा, इथंच सगळे फसतात. नकाशावरची रेघ म्हणजे ताबा नव्हे. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२६ नुसार जागा तीनच वाटांनी येते: वाटाघाटीनं मोबदला देऊन, टीडीआर (दुसऱ्या भूखंडावर वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) किंवा एफएसआय (त्याच भूखंडावर जादा बांधकाम) देऊन, नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं. आणि विकास आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली तरी काहीच केलं नाही, तर मालक कलम १२७ ची खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत. रेघ गेली. मग त्या जागेवर बंगला उभा राहिला तर तक्रार करायला जागा नाही.

डांबरट
सातबारांनी जमिनीचं मांडलं, मी रस्त्याचं मांडतो. १८ मीटर लगेच पाहिजे का, हे आधी मोजून ठरवा.

वाहनगणना आयआरसी-९ (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) प्रमाणं, सलग ७ दिवस, २४ तास, आणि वर्षातून दोनदा: एकदा ऐन सुगीत, एकदा मंदीच्या काळात. आपल्याकडं सुगी म्हणजे ऊसतोड. जुलैत गणना केली तर ट्रॉल्याच दिसत नाहीत, मग फरसबंदीची जाडी कमी निघते आणि पहिल्याच हंगामात चाकोऱ्या पडतात.

गाड्या नुसत्या मोजायच्या नाहीत, पीसीयूत, म्हणजे मोटारीच्या मापात, बदलायच्या. आयआरसी-१०६ चे आकडे: मोटार १, दुचाकी ०.७५ (एकूण वाहतुकीत १० टक्क्यांहून जास्त असतील तेव्हा, आपल्याकडं असतातच), रिक्षा १.२, बस-ट्रक २.२, ट्रॅक्टर-ट्रॉली ४. समजा गर्दीच्या तासाला ८०० दुचाक्या, १५० मोटारी, ४० रिक्षा, १२ बस, १० ट्रॉल्या. ६०० + १५० + ४८ + २६ + ४० म्हणजे ८६४. आता बघा, त्याच आयआरसीत दुपदरी रस्त्याची क्षमता काठावर गाड्या लागत असतील आणि दर दारातून वाहन बाहेर येत असेल तर तासाला ९००, पार्किंग बंद आणि तोंडं कमी असतील तर १५००. रस्ता तोच, रुंदी तीच. आपला ५.५ मीटर हा तर पुरता दुपदरीसुद्धा नाही.

सांगायचं असं की ७ मीटर डांबर, दोन्ही बाजूला गटर आणि पार्किंगबंदी एवढं झालं तरी पुष्कळ वर्षं निभावतं. १८ मीटर जागा मात्र आजच ताब्यात घ्या. डांबर कधीही वाढवता येतं, घर मागं ढकलता येत नाही.

१८ मीटरची वाटणी अशी बसते: मधे ७ मीटर डांबर, दोन्हीकडं दीड-दीड मीटर पक्की बाजूपट्टी, दोन-दोन मीटर पदपथ (आयआरसीचं किमान १.८ मोकळं), एक-एक मीटर गटर आणि केबलची नाळ, उरलेला एक-एक मीटर झाडं आणि खांब. खांबांची जागा आधी आखली नाही तर ते पदपथाच्या मधोमध येतात. शहरात कुठंही बघा.

हिशेबनीस
आता पैसा. कुठल्या खात्यातलं काय कुठं चालतं ते सांगतो. यादी लांब आहे, पण प्रत्येकाला कुंपण आहे.

लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं) ३०५४ म्हणजे देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे भांडवली काम. दोन्ही जिल्हा वार्षिक योजनेतून, जिल्हा नियोजन समितीमार्फत. रुंदीकरण ५०५४ मध्ये बसतं. ३०५४ मधून मागितलं तर फार तर नूतनीकरणाचा थर मिळेल. क्रमांक असलेल्या रस्त्यालाच, हे सातबारांनी सांगितलंच.

२५१५ हे ग्रामविकासचं मूलभूत सुविधांचं शीर्ष. कळंबेकरांचे ते दोनशे मीटर बहुतेक इथलेच. काम चटकन मंजूर होतं, पण तुकड्यात. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, तोही अख्ख्या मतदारसंघाला. एका रस्त्यावर सगळा ओतणारा आमदार अजून जन्मायचाय.

१५ व्या वित्त आयोगात (२०२१-२२ ते २०२५-२६) ग्रामपंचायतीच्या पैशातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेचा. त्यातून डांबर नाही. पण सांडपाण्याची गटरं त्यात बसवता येतात! रस्त्याच्या अंदाजपत्रकातून गटर वेगळं काढून बंधित निधीत टाकलं की ५०५४ वरचा भार हलका होतो. हे आपल्याकडं फारसं कुणी करत नाही.

मुद्रांक शुल्काचा १ टक्का अधिभार जि.प. आणि ग्रामपंचायतीकडं येतो. पाचगाव-उचगावसारख्या खरेदीखतांच्या गावांत ही रक्कम खेडेगावापेक्षा कितीतरी मोठी असते. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ती कुठं खर्ची पडते ते ग्रामसभेत विचारा.

नगरोत्थान योजना फक्त महापालिका-नगरपालिकांना. म्हणजे तुमच्या पहिल्या ६०० मीटरला चालेल, पुढं शून्य. मुख्यमंत्री ग्रामसडक नेमकी उलटी, फक्त बाहेरच्या १८०० ला.

राहिलं विकास शुल्क. २०१७ साली कोल्हापूरभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं, तेव्हापासून या पट्ट्यातल्या बांधकाम परवानगीचं शुल्क तिकडं जमा होतं. हा पैसा कायद्यानं त्याच भागातल्या सार्वजनिक सुविधांसाठी आहे. माझ्या मते जोडरस्त्यावर पहिला हक्क याच पैशाचा, कारण गर्दी ज्या इमारतींमुळं झाली त्यांनीच तो भरलाय. मागणी करताना मोघम 'निधी द्या' म्हणू नका. गेल्या तीन वर्षांत त्या गावातल्या परवानग्यांमधून किती विकास शुल्क जमा झालं, हा आकडा माहिती अधिकारात काढा आणि तो अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा.

बिंदूचौक
एवढी चिल्लर गोळा करण्यापेक्षा बीओटीवर (ठेकेदारानं बांधायचं, टोलमधून पैसे काढायचे) एकदम का नको?

पुईखडी
कोल्हापुरात टोल? साहेब, हेल्मेट घालून लिहा असलं.

हिशेबनीस
गंमत सोडा, कारण नीट समजून घ्या. ज्यासाठी टोल लागला तो एकात्मिक रस्ते प्रकल्प २२० कोटींचा, शहराच्या आतल्या रस्त्यांचा. टोलला पर्यायी रस्ताच नव्हता, लोकांना स्वतःच्याच गावात शिरताना पैसे द्यावे लागत होते. मोठं आंदोलन होऊन शेवटी टोल रद्द झाला. बीओटी चालतं ते लांब पल्ल्याच्या वाहतुकीवर. २.४ किमीच्या जोडरस्त्यावर टोल बसवला तर वसुलीचा खर्चच निघायचा नाही. विषय संपला.

सातबारा
जागेच्या खर्चाकडं येऊ, कारण खरा डोंगर तो आहे. गाडीमार्गाचे ६ मीटर धरले तर उरतात १२ मीटर. गुणिले २४०० मीटर, म्हणजे २८,८०० चौरस मीटर. २.८८ हेक्टर, सुमारे २८५ गुंठे. त्या भागातल्या गुंठ्याच्या भावानं गुणा आणि बघा. भूसंपादन कायद्यानं गेलात तर बाजारमूल्यावर १०० टक्के दिलासा रक्कमही द्यावी लागते. डांबराचा खर्च याच्यापुढं काहीच नाही.

म्हणून सगळे टीडीआरकडं वळतात. दाटीबाहेरच्या भागात जागेच्या दुप्पट टीडीआर मिळतो, कागदावर छान. पण २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला टीडीआर वापरताच येत नाही. म्हणजे ज्या पट्ट्यात रस्ते अरुंद म्हणून जागा मागताय, त्याच पट्ट्यात त्या टीडीआरला गिऱ्हाईक नाही. शेतकरी सर्टिफिकेट घेऊन बसणार. तो नको म्हणाला तर त्याला अडाणी समजू नका, त्याचा हिशेब बरोबर आहे.

यावर दोन वाटा आहेत. एक, लेआउट मंजूर होतानाच रुंदीकरणाखालची पट्टी सोडवून घ्यायची. त्या क्षेत्राचा एफएसआय मालकाला उरलेल्या भूखंडावर मिळतो, रोकड लागत नाही. अट एकच, हस्तांतरणाचा कागद आणि सातबाऱ्यावर वेगळा हिस्सा पडला पाहिजे. नुसतं लेआउटच्या नकाशावर 'रस्ता रुंदीकरण' लिहून ठेवलं की दहा वर्षांनी तिथं वाळूचा ढीग, मग पत्र्याचं शेड, मग दुकान. दुसरी वाट नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम. सगळ्यांचे गट एकत्र करून पुन्हा आखायचे, त्यामुळं जागा काठच्या एकट्या शेतकऱ्याची न जाता सगळ्यांची थोडीथोडी जाते. पण जिथं गुंठेवारीत आधीच तुकडे पडलेत तिथं हे जमणं अवघड. मोकळं रान शिल्लक आहे तिथंच करा, आणि लवकर.

महापालिकेच्या ६०० मीटरमध्ये आणखी एक हत्यार आहे. महापालिका अधिनियमातल्या कलम २१० खाली आयुक्त रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकतात. मग पुनर्बांधणीला येणारी प्रत्येक इमारत त्या रेषेमागं घ्यावी लागते. वेळ लागतो, पण घर न पाडता रुंदी मिळते.

शेंडापार्क
मला एक समजत नाही. ते जे दोनशे-दोनशे मीटर काँक्रीट होतं, त्याच्या दोन्ही टोकांना दर पावसाळ्यात खड्डे कसे? काँक्रीट तर शाबूत असतं.

डांबरट
ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत.

तुकड्याच्या कामात खोदाई धरलेली नसते. आहे त्या डांबरावरच १५० ते २०० मिमी काँक्रीट ओततात. दोन्ही टोकांना तेवढीच पायरी तयार होते. ती झाकायला मुरमाचा नाहीतर डांबराचा उतार करतात, त्याला पाया नसतो. काँक्रीटवरून वाहत आलेलं पाणी नेमकं त्या सांध्यात थांबतं आणि ट्रॉलीचं चाक पायरीवरून तिथंच आपटतं. शिवाय रस्ता उंच झाला की काठच्या घरांचे उंबरे खाली जातात, मग लोक दारात भराव टाकतात आणि गटराचं तोंड बुजतं. पाणी रस्त्यावर.

त्यामुळं पैसा तुकड्यात आला तरी चालेल, पण पातळी एकाच कागदावरून यायला पाहिजे. अख्ख्या २.४ किमीचा लांबछेद (लांबीभरच्या चढउताराचा आलेख) एकदाच काढायचा, दर १०-२० मीटरला तयार रस्त्याची उंची लिहायची, पक्के बेंचमार्क (उंची मोजायच्या कायम खुणा) ठेवायचे आणि प्रत्येक लेखाशीर्षाच्या अंदाजपत्रकाला तोच लांबछेद जोडायचा. सर्वेक्षणाचा खर्च कामाच्या मानानं किरकोळ असतो. काम खालच्या टोकाकडून सुरू करा, जिथं पाणी ओढ्याला मिळतं. वरून सुरू केलं तर वरचं पाणी खालच्या कच्च्या रस्त्यावर सोडल्यासारखं होतं. पाचगाव-कळंब्याकडं उतार चांगला आहे, अडचण असते ती बुजवलेल्या ओढ्यांची. १००० मिमीच्या खालचा पाइप मोरीत घालू नका, प्लास्टिक अडकून एका पावसात बंद पडतो.

रुंदीकरणाची दुसरी खोड. ५.५ चे ७ करायचे म्हणून दोन्हीकडं पाऊण-पाऊण मीटर वाढवतात. रोलरच्या ड्रमची रुंदी पावणेदोन ते दोन मीटर, तो पाऊण मीटरच्या चरात उतरतच नाही. पट्टी दबत नाही, आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर सरळ रेषेत लांब भेग पडते. जागा असेल तर एकाच बाजूला दीड मीटर वाढवा, चर रोलर मावेल इतका रुंद घ्या आणि जुन्या थरांना ३०० मिमीच्या पायऱ्या कापून नवे थर त्यात गुंतवा.

पूर्ण नव्यानं ७ मीटर केलात तर २.४ किमीला १६,८०० चौरस मीटर. २०० मिमी जीएसबी (सगळ्यात खालचा खडीचा थर) म्हणजे ३,३६० घनमीटर, २५० मिमी डब्ल्यूएमएम (ओल्या मिश्रणाची खडी) ४,२००, ५० मिमी डीबीएम (खालचा डांबरी थर) ८४० (जवळपास २,००० टन), वर ३० मिमी बीसी (सगळ्यात वरचा डांबरी थर) ५०४ (सुमारे १,२०० टन). जाड्या नमुन्याच्या आहेत, खऱ्या सीबीआर चाचणी (मातीची ताकद) आणि गणनेवरून ठरतील. नदीकडच्या काळ्या मातीत सीबीआर २-३ च्या आसपास निघतो, तिथं जीएसबीखाली मुरमाचा जादा थर लागतो. माळावर मुरूमच असतो, तिथं तोच पैसा वाचतो. एकच अंदाजपत्रक दोन्हीकडं छापलेलं दिसलं तर चाचणी झालेलीच नाही असं समजा.

साइटवर कुणी उभं राहणार असेल तर एक थर्मामीटर घ्या. व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली नको आणि शेवटचा रोल ९० च्या खाली फिरता कामा नये. संध्याकाळी उशिरा आलेला शेवटचा डंपर हमखास थंड असतो. वर्षभरात सोलून निघालेला तुकडा तोच.

कळंबेकर
पाइपलाइनींचं काय? डांबर वाळायच्या आत खोदतात.

हिशेबनीस
जलजीवन, ड्रेनेज, गॅस, फायबर, महावितरण, पाचहीजणांना अंदाजपत्रकाच्या आधी लेखी पत्र: पुढच्या तीन वर्षांत इथं काय टाकणार? उत्तर येवो न येवो, पोच जपून ठेवा. नंतर खोदाईची परवानगी मागायला आले की ती पोच पुढं करता येते. खांब हलवायचा खर्च रस्त्याच्याच अंदाजपत्रकात वेगळी बाब म्हणून धरा. तो विसरला की डांबरात उभा खांब. आणि दर १०० मीटरला रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाका, ३०० मिमीचे एनपी-३ सिमेंट पाइप. नव्या घराच्या नळजोडणीसाठी रस्ता फोडावा लागत नाही.

कामाचं वेळापत्रकही लक्षात ठेवा. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात ठरतो. ठराव १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच झाला पाहिजे. २६ जानेवारीला केलात तर एक वर्ष गेलं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मधे एखादी आचारसंहिता. डांबर पडायचं ते ऑक्टोबर ते मे. मार्चअखेर घाईत बिल काढायला केलेल्या कामाचा दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं फुकट दुरुस्ती करायची मुदत) किती, हे फलकावर लिहिलेलं असतं. फलकाचा फोटो तारखेसकट काढून ठेवा. फलक पावसाळ्यात गायब होतात.

पुईखडी
ठरावात नेमकं काय लिहायचं ते कुणीतरी सांगा. ग्रामसेवक विचारतोच.

सातबारा
रस्त्याची सुरुवात आणि शेवट गट नंबरसह, लांबी मीटरमध्ये, सध्याची रुंदी आणि मागितलेली रुंदी, 'दर्जोन्नतीस व मोजणीस मान्यता', आणि गटर बंधित निधीतून घेण्याची स्वतंत्र ओळ. जागा द्यायला तयार असलेल्या खातेदारांची संमतीपत्रं जोडा. त्यात गट नंबर, हिस्सा आणि सोडायची रुंदी हवी, आणि सामाईक खातं असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या. एका भावाची सही नसली तरी पुढं तेच काम कोर्टात अडकतं.

शेंडापार्क
मोजणीची फी ग्रामपंचायतीनं भरायची का जिल्हा परिषदेनं?

सातबारा
अर्जदार भरतो. रस्ता जि.प.कडं असेल तर अर्ज बांधकाम उपविभागानं करावा म्हणून पत्र द्या. ते लांबत असेल तर ग्रामपंचायतीनं स्वतः करावा. तारीख मात्र ऊस तुटल्यावरची मागा. ऊस उभा असला की बांधावरच्या खुणा सापडत नाहीत, पीक मोडायला कुणी राजी नसतं, मोजणीदार 'हजर, पण काम झाले नाही' असा शेरा मारून जातो आणि पुन्हा नव्या तारखेच्या रांगेत.